लाल माशांचा साचा

मी एक जुना साचा आहे. पोलादाच्या दोन जाड पाट्या, एकमेकींवर घट्ट बसणाऱ्या, आणि त्यांच्या आतल्या अंगाला कोरलेले चार मासे. एवढाच मी. मला उचलायला गेलात तर हात भरून येतील. पण माझ्या पोटातून जे बाहेर पडलं ते फुंकरीनं उडावं इतकं हलकं होतं. मित्रांनो, पुष्कळ वस्तू आपली जन्मकथा अभिमानानं सांगतात. मलाही एके काळी तशी सांगता येत होती. आता सांगताना मान खाली जाते.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला, एकोणीसशे त्र्याण्णव साली. धम्मपाल कांबळे नावाच्या तरुण माणसानं मला करून घेतलं. तो एका फौंड्रीत फिटर होता. नोकरी सोडून त्यानं पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि प्लास्टिकच्या वस्तू काढायचं एक हातयंत्र आणलं. त्याच्या वडिलांचं आयुष्य दुसऱ्याच्या रानात राबण्यात गेलं होतं. घराण्यात दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावणारा धम्मपाल पहिलाच. त्याची आई मीनाबाई रोज सकाळी शेडवर यायची आणि आधी ती पाटी पदरानं पुसायची. मग झाडू हातात घ्यायची.

मला कोरलं ते आकाराम नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं. त्याची उमेदीची वर्षं हुपरीला चांदीच्या पैंजणांचे ठसे कोरण्यात गेली होती. तो डोळ्याला भिंग लावून माझ्यावर वाकायचा आणि श्वास रोखून छिन्नी चालवायचा. एकेक खवला, एकेक पर, शेपटीच्या रेषा.

धम्मपाल एकदा म्हणाला, "आकाराममामा, पोरांचं खेळणं हाय. एवढी खवलं कशाला?"

आकाराम भिंगातून नजर न काढता म्हणाला, "खवल्याबिगर मासा व्हय त्यो? बारकी पोरं असली म्हणून काय झालं? त्येंनाबी डोळं हायत की."

प्रत्येक माशाच्या पोटाखाली थोडी जागा मोकळी राहिली होती. धम्मपालची पाच वर्षांची मुलगी प्रीती तेव्हा शेडमध्ये लोखंडाचा कीस गोळा करत बसली होती. धम्मपालनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर तिथं कोरायला सांगितलं. आकारामनं 'प्री' कोरलं. तिळाएवढं, पण सुबक.

माझं काम सोपं होतं. प्लास्टिकचा दाणा यंत्रात तापून पातळ व्हायचा. धम्मपाल दांडा खाली ओढायचा, की तो तापलेला लाल रस माझ्या पोटात शिरायचा. थोडं थांबून माझ्या पाट्या उघडल्या, की एका देठाला लागलेल्या कळ्यांसारखे चार लाल मासे बाहेर यायचे. ते गार करायला पाण्याच्या बादलीत टाकत. बुडायचे आणि लगेच वर यायचे. मीनाबाई ते देठावरून खुडायची, पात्यानं कडा साफ करायची आणि सुपात टाकायची. मासे खऱ्यासारखे दिसत. पाण्यावर तर हुबेहूब.

हे मासे घ्यायचा हंबीरराव. तळलेल्या पिवळ्या नळ्या, ज्या मुलं बोटांत घालून एकेक करून खातात, त्यांची पाकिटं भरायचा त्याचा धंदा होता. प्रत्येक पाकिटात एक मासा फुकट. त्याची गाडी कागलला जायची, राधानगरीला जायची, आणि गगनबावड्याचा घाट उतरून खाली देवगड-मालवणपर्यंत जायची. पहिल्याच वर्षी तो शेडच्या दारातून ओरडत आत आला.

"धम्मपाल, लेका, नळ्या बाजूला ऱ्हायल्या! पोरं मासा घ्यायला पाकीट फोडाय लागल्यात!"

त्या दिवशी मीनाबाईनं शेडमध्ये सगळ्यांना गूळ वाटला. धम्मपालनं माझ्यावरचं तेल पुसलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, माणूस बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. मित्रांनो, मी पोलादाचा असलो तरी तो हात मला कळला.

मग वर्षामागून वर्षं मी मासे काढत राहिलो. शाळकरी मुलांच्या दप्तरात माझे मासे. नृसिंहवाडीच्या घाटावर, आईबाप देवाचं दर्शन घेऊन येईपर्यंत पाण्यात मासे सोडत बसलेली मुलं. पंचगंगेवर पोहायला आलेली मुलं माशांची शर्यत लावायची, आणि जिंकलेला मासा पुढं वाहत गेला की गेला. दुसऱ्या पाकिटात दुसरा मिळायचाच.

एकदा मीनाबाई बाजारातून आली आणि म्हणाली, "धम्मा, तुजं मासं गटारीत मायंदाळ पडल्यात रं. पाऊस आला की सगळं नाल्यानं नदीला जातंय."

धम्मपाल हसला. "खपतंय म्हणून पडतंय की, आई."

मीही मनात तेच म्हणालो. इतके पडलेत म्हणजे किती निघाले असतील! मला त्यात माझं मोठेपण दिसलं. नदी पुढं कुठं जाते, समुद्रकाठी फोडलेल्या पाकिटातला मासा भरतीच्या लाटेनं कुठं नेला, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. आम्ही कोल्हापूरची मंडळी. समुद्र आमच्यासाठी घाटाखाली, सहलीपुरता.

पुढं काळ बदलला. मुलांना माशापेक्षा चकचकीत चित्रांचे स्टिकर आवडू लागले. हंबीररावानं माझं काम बंद केलं. धम्मपालनं मला तेल लावून, चिंधीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. यंत्रावर माझ्या जागी पाण्याच्या पंपाच्या टोप्यांचा साचा चढला. मला त्याचा हेवा वाटायचा. चिंधी सुकली, कडांना गंज चढला, उंदरांनी माझ्या आडोशाला घर केलं. खाली कोण आलं, कोण गेलं ते मी आवाजावरून ओळखायचो. आकाराम गेल्याची बातमी मी अशीच माळ्यावरून ऐकली. मला एकच वाटायचं, पुन्हा एकदा कुणीतरी मला खाली घ्यावं.

दोन हजार नऊच्या दिवाळीत तसं घडलं. धंद्याचे दिवस वाईट होते. पंपाच्या टोप्यांना मागणी नव्हती आणि धम्मपालनं नंतर घेतलेलं दुसरं यंत्र कापड टाकून झाकून ठेवलं होतं. अशात हंबीरराव आला. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"धम्मपाल, मासा काढ बाहीर! लोक अजून इचारत्यात, त्यो मासा कुठं गेला म्हणून. स्टिकर चिकटवून चिकटवून पोरं कटाळल्यात. पयल्यापेक्षा दुप्पट माल लागंल बघ."

धम्मपालनं मला स्वतः खाली उतरवलं. रॉकेलनं घासलं. काडीला कापूस गुंडाळून माझा एकेक खवला साफ केला. मीनाबाई आता म्हातारी झाली होती, तरी शेजारी बसून "हितं ऱ्हायलं बघ, हितं" असं सांगत होती. मला यंत्रावर चढवलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मित्रांनो, त्या आनंदाची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्याच आठवड्यात समुद्रात अवेळी वादळ झालं. कोल्हापुरातही दोन दिवस वारा आणि झड होती. प्रीती तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती आणि वर्गाबरोबर राधानगरीच्या जंगलात अभ्यासाला गेली होती. ती परत आली ती घरी न जाता थेट शेडवर. वेताची मोठी टोपली तिनं दोन्ही हातांनी धरली होती आणि वर लुगड्याचा तुकडा बांधला होता.

"पप्पा, यंत्र बंद करा. ह्याला आवाज सोसायचा न्हाय," ती म्हणाली.

टोपलीत एक पक्षी होता. पाठ काळपट, पोट पांढरं, चोच टोकाला वाकलेली, पाय बदकासारखे जोडलेले. पंख इतके लांब की मिटले तरी शेपटीच्या पुढं येत होते. राधानगरीजवळ बाळाबाई नावाच्या शेतकरणीच्या खळ्यावर तो पडलेला सापडला होता. प्रीतीनं तिचेच शब्द सांगितले, "ह्ये पाखरू आमच्याकडचं न्हवं, बाय. चालंना, उडंना. ने तू. बघ तुज्या शिक्षणाचा काय उपेग हुतोय का."

तो समुद्रपक्षी होता. खोल समुद्रावर राहणारा, जमिनीवर फक्त अंडी घालायला उतरणारा. वादळानं त्याला सह्याद्रीच्या अलीकडे आणून टाकलं होतं. घरात जागा नव्हती, म्हणून यंत्राशेजारी दाण्याच्या रिकाम्या पोत्यांवर त्याला ठेवलं. माझ्यापासून तो हातभर अंतरावर होता. मी आयुष्यभर मासे काढले, पण मासे खाणारा जीव इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो.

मीनाबाईनं बाजारातून बारीक ताजे मासे आणले आणि ती त्याच्यापुढं बसली.

"खा रं लेकरा. एवढा डोंगार वलांडून आलास, आता खायाला काय झालं?"

पक्ष्यानं एक मासा चोचीत घेतला. गिळायला गेला. मान ताठ केली, पुन्हा पुन्हा केली, आणि मासा तसाच बाहेर पडला. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. थकलाय, थोडं थोडं द्या, म्हणाले. मीनाबाई बोटानं चोच उघडून माशाचा एकेक तुकडा आत सरकवायची. तो तुकडा परत यायचा. तिनं त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि गोंधळून म्हणाली, "प्रीती, पोट तर टच्च लागतंय गं. हाडं मातर वर आल्यात. ह्ये असं कसं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पक्षी मेला.

कशानं मेला ते प्रीतीला कळायला हवं होतं. तिनं कॉलेजची कात्री-चिमट्यांची पेटी आणली आणि मीनाबाई ज्या टेबलावर माशांच्या कडा साफ करायची, त्याच टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. धम्मपालनं पक्ष्याचे पंख दोन्ही बाजूंना धरले. प्रीतीनं पोट उघडलं.

आधी निळा दोरा निघाला, मासेमारीच्या जाळ्याचा, गुंता झालेला. मग एक बाटलीचं बूच. मग पातळ पिशवीचे चोळामोळा झालेले तुकडे. त्याखाली आणखी काहीतरी टणक होतं. प्रीतीनं चिमट्यानं ते एकेक काढलं आणि धुवायला शेजारच्या बादलीत टाकलं. ते बुडालं आणि लगेच वर आलं.

तीन मासे होते. लाल रंग उडून फिकट गुलाबी झालेले. परांची टोकं झिजलेली. पण खवले होते.

प्रीतीनं एक मासा तळहातावर घेऊन उलटा केला आणि अंगठ्यानं पुसला. मग तिनं तो वडिलांपुढं धरला.

"पप्पा, ह्यावर माझं नाव हाय."

धम्मपालनं पक्ष्याचे पंख सोडले. तो दाण्याच्या पोत्यावर बसला, जिथं तीन दिवस पक्षी होता, आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

माझं काम थांबून सहा वर्षं झाली होती. मी माळ्यावर गंजत होतो, स्वतःची कीव करत होतो, आणि तेवढ्या काळात माझे मासे थांबले नव्हते. ते गंजले नव्हते, कुजले नव्हते, विरघळले नव्हते. कोण जाणे कुठल्या लाटेवर ते तरंगत राहिले आणि या पक्ष्यानं वरून पाहून त्यांच्यावर झेप घेतली. त्याचं काय चुकलं? आकारामच्या हातानं खवला असा उतरला होता, की माणसाचं लेकरू फसावं. मग समुद्राचं लेकरू का फसू नये? आकाराम हे पाहायला नाही, याचं त्या घटकेला मला बरं वाटलं.

मीनाबाई भिंतीला धरून उभी होती. तिनं उपास काढलेले दिवस पाहिले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "उपाशी मेलं रं त्ये. पोट भरल्यालं असून उपाशी मेलं. भूक मी लई बघितली, पर असली न्हाय बघितली. आन मी आपली वरनं आनखी कोंबत व्हते."

एवढ्यात बाहेर हंबीररावाची गाडी थांबली. त्या दिवशी तो पहिले मासे बघायला येणार होता, ते सगळे विसरूनच गेले होते.

"काय, निघालं का मासं?" असं विचारतच तो आत आला, आणि टेबल पाहून थबकला. "ह्ये काय मांडलंय?"

प्रीतीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ओला मासा हातात घेतला, उजेडाकडे धरला, परत ठेवला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पर पोरी, आपण काय समुद्रात जाऊन टाकलं व्हय? आपण पाकिटात घातलं. टाकणारं टाकत्यात. त्येला तुजा बाप काय करंल?"

धम्मपाल उठला. त्यानं पाना घेतला आणि मला यंत्रावर धरून ठेवणारे नट एकेक करून ढिले करायला लागला.

"धम्मपाल, ह्ये काय करतुयास?"

"हंबीरराव, मासा न्हाय निघायचा आता."

"अरं, डोकं हाय का ठिकाणावर? दोन यंत्रं झाकून घरात बसणार हायस व्हय? तू न्हाय केलंस तर दुसरा करंल."

"करंल. त्येला मी काय म्हणू?" धम्मपालनं पुढचा नट फिरवला. "पर मी टोप्या काढीन, न्हायतर पुन्यांदा फौंड्रीत जाईन. माझ्या लेकीचं नाव कुणाच्या पोटात जाऊन आडकलंय, ह्ये बघून मला दांडा वडता यायचा न्हाय."

हंबीरराव पाठ फिरवून गाडीकडे निघून गेला. पुढं त्यानं पाकिटात घालायला दुसऱ्या कुणाकडून तरी भिंगऱ्या करून घेतल्याचं कानावर आलं.

तो गेल्यावर धम्मपालनं मला जमिनीवर ठेवलं आणि घण उचलला. मी डोळे मिटले असते, पण साच्याला पापण्या नसतात. पहिला घाव माझ्या कोपऱ्यावर बसला. एक टवका उडाला. दुसरा घाव उचलला तेव्हा प्रीती मध्ये आली.

"पप्पा, साचा फोडून मासं माघारी येणार हायत का?"

घण हातातच राहिला. मला फुटायचं होतं, मित्रांनो. फुटलो असतो तर सुटलो असतो.

त्यांनी पक्ष्याला शेडमागं पुरलं. ते वर्ष त्या घराला फार जड गेलं. एक यंत्र विकावं लागलं. धम्मपाल खरंच पुन्हा फौंड्रीत कामाला लागला आणि संध्याकाळी येऊन उरलेल्या यंत्रावर पंपाच्या टोप्या काढू लागला. दारावरची पाटी राहिली. मीनाबाई ती पुसायची, पण आता पुसताना कुणी पाहत तर नाही ना, असं बघायची. बाजारातून येताना गटारीच्या कडेला काही लाल दिसलं की ती वाकायची. कधी ते कागद असायचं, कधी काचेचा तुकडा. एखाद्या वेळी मासा असायचा. तो ती कनवटीला लावायची.

पुढच्या वर्षी प्रीती मला कागलच्या एका शाळेत घेऊन गेली. मला उचलायला धम्मपाल बरोबर आला. वर्गात टेबलावर माझ्या दोन्ही पाट्या उघडून ठेवल्या आणि शेजारी ते तीन फिके मासे. प्रीतीनं पक्ष्याची गोष्ट सांगितली. तो कुठून आला, काय खाऊन आला, कसा गेला. मग मुलं माझ्याभोवती गोळा झाली. कुणी माझ्या खवल्यांवरून बोट फिरवलं. एकजण म्हणाला, "कसला भारी हाय!" आणि मग स्वतःच ओशाळून मागं सरला. कोरीव कामाचं कौतुक ऐकून मला पूर्वी ऊब यायची. त्या दिवशी ते बोट मला सोसवेना.

मोना नावाची एक लहान मुलगी मात्र टेबलाशीच उभी होती. तिनं ते मासे मोजले. मग माझ्याकडे पाहिलं, मग धम्मपालकडे.

"काका, ह्ये तीनच सापडलं?"

"व्हय, बाळ. त्या पाखराच्या पोटात तीन व्हतं."

"मग बाकीचं कुठं हायत?"

इतकी वर्षं धम्मपालनं दांडा ओढला होता, इतकी सुपं भरली होती, इतक्या गाड्या घाटाखाली गेल्या होत्या. त्यानं प्रीतीकडे पाहिलं.

"म्हाईत न्हाय, बाळ," तो म्हणाला.

मलाही माहीत नाही, मित्रांनो. मी त्यांना जन्म दिला, पण त्यांना मरण मला देता आलं नाही. म्हणून हात जोडता येत नसले तरी तुम्हाला विनवतो. हातातली वस्तू टाकून देण्याआधी क्षणभर ती मुठीत तशीच धरा, आणि मोनासारखं स्वतःला विचारा, ही आता जाणार कुठं? उत्तर येत नसेल, तर मूठ उघडू नका.